फिल्टरला शिव्या घालण्याआधी: नॅनोइमल्शन करताना या चुका टाळा

"मॅडम, फिल्टरचा लॉट खराब आलाय." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरच्याचं बोलणं संपायच्या आत मी विचारते, "पास कसे दिलेत?" (पास म्हणजे थेंब बारीक करणाऱ्या यंत्रातून सगळा माल एकदा जाणं.) बहुतेकदा दोष फिल्टरचा नसतोच. तो दोन तास आधी झालेला असतो, फिल्टर फक्त चुगली करतो.

लशीसाठीचं तेल-पाणी अ‍ॅडजुव्हंट, म्हणजे लशीचा परिणाम वाढवणारं नॅनोइमल्शन (पाण्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब), कसं असतं? १९९७ साली इटलीत फ्लूच्या लशीबरोबर परवाना मिळालेलं एमएफ५९ घ्या. बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) स्क्वालीन या तेलाचे साधारण १६० नॅनोमीटरचे थेंब, त्यांच्याभोवती पॉलिसॉर्बेट ८० आणि स्पॅन ८५ हे सर्फॅक्टंट, म्हणजे थेंबांना एकमेकांत मिसळू न देणारे पदार्थ. असलं इमल्शन ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही, म्हणून ते ०.२२ मायक्रॉन, म्हणजे २२० नॅनोमीटर छिद्रांच्या फिल्टरमधून गाळूनच निर्जंतुक करायचं. १६० आणि २२०. मोकळी जागा एवढीच. सरासरी कितीही देखणी असली, तरी मोठ्या थेंबांची शेपूट राहिली की गाळणं तिथंच अडतं.

नळी परत त्याच भांड्यात सोडणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर राग जरा जास्तच. एक लिटरची बॅच होती. मायक्रोफ्लुइडायझर (जास्त दाबानं माल अरुंद चेंबरमधून ढकलून थेंब बारीक करणारं यंत्र) मिनिटाला शंभर मिलिलिटर टाकत होता, म्हणजे दहा मिनिटांचा एक पास. चाळीस मिनिटं चालवलं, चार पास झाले म्हणून वहीत लिहिलं. डीएलएसवर (प्रकाश विखुरण्यावरून थेंबांचा आकार मोजणारं यंत्र) १५५ नॅनोमीटर, पीडीआय (थेंबांच्या आकारांतली तफावत, कमी तितकी चांगली) ०.१. खूश होऊन ४७ मिलिमीटरच्या डिस्कमधून गाळायला घेतलं. पहिले शे-दीडशे मिलिलिटर भरभर आले, मग नुसतं टपटप. दाब वाढवला. थोडं आलं, पुन्हा बंद. डिस्क बदलली. संध्याकाळपर्यंत पाच डिस्का कचऱ्यात आणि मी फिल्टर कंपनीला खरमरीत पत्र लिहायच्या तयारीत.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या तंत्रज्ञांनी एकच प्रश्न विचारला: "बाहेर येणारी नळी कुठं सोडली होती?" परत त्याच भांड्यात. म्हणजे चेंबरमधून बारीक होऊन आलेलं इमल्शन मी अजून एकदाही न गेलेल्या मालात मिसळत होते. ढवळत्या भांड्यात हा हिशोब क्रूर असतो. चार पासांइतका वेळ गेल्यावरही जवळजवळ २ टक्के माल चेंबरमधून एकदाही गेलेला नसतो, पाच पासांनंतरही ०.७ टक्के उरतो. लिटरभर इमल्शनमध्ये माझं तेल होतं ४३ मिलिलिटर. त्याचे २ टक्के म्हणजे पाऊण मिलिलिटरहून जास्त तेल, जाड्याभरड्या थेंबांच्या रूपात, त्या इवल्याशा डिस्कवर. ती तुंबणार नाही तर काय करणार?

मग डीएलएसला हे दिसलं कसं नाही? कारण नमुना मशीनमध्ये घालण्याआधी मी तो ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळला होता. धूळ नको म्हणून! जे शोधायचं तेच आधी काढून टाकायचं आणि मग सापडलं नाही म्हणून आनंद मानायचा. त्यात सॉफ्टवेअरही मोठ्या थेंबांमुळे उसळलेली मापनं धूळ समजून वगळू शकतं.

तेव्हापासून दोन भांडी. एक रिकामं होईपर्यंत सगळा माल दुसऱ्यात, मग नळ्यांची अदलाबदल. दाब स्थिर होण्याआधीचे पहिले काही झटके परत कच्च्या मालात. पातळ करायला लागणारा बफर आधी गाळून घ्यावा, नमुना मात्र कधीच नाही. आणि गाळायच्या आधी न पातळ केलेला एक थेंब साध्या मायक्रोस्कोपखाली. १५० नॅनोमीटरचे थेंब तिथं सुटे दिसत नाहीत, पण मायक्रॉनच्या वरचे गोल टपोरे दिसतातच. दोन मिनिटांचं काम आहे. मोठे थेंब मोजायचं वेगळं यंत्र हाताशी असेल तर ते वापराच, पण नाही म्हणून कुणी डोळे मिटून घेऊ नयेत.

बबल पॉइंट खाली आला म्हणून घाबरणं (किंवा न घाबरणं)

गाळून झालं, फिल्टरची अखंडता तपासली, बबल पॉइंटचा (ओल्या फिल्टरमधून हवा आरपार जायला लागणारा दाब) आकडा कमी आला, आणि रात्री साडेअकराला फोन: बॅच गेली. अहो, पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर. फिल्टरमध्ये पॉलिसॉर्बेट अडकून राहिलं की तो ४०च्या घरात येतो, आणि त्याबरोबर बबल पॉइंटही. आधी भरपूर पाण्यानं धुवा, तरीही वर येत नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओलं करून पुन्हा पाण्यानं धुवा, मग तपासा. माझ्या अनुभवात लोक निम्मंच धुतात, कारण घरी जायची घाई असते. मात्र हे धुणंही आधी ठरवून लिहून ठेवलेलं हवं, पास होईपर्यंत धूत बसणं म्हणजे तपासणी नव्हे.

याची दुसरी बाजू जास्त गंभीर. कमी पृष्ठताणाच्या द्रवात फिल्टरची जिवाणू अडवायची क्षमताही घटू शकते. त्यामुळे पाण्यात ब्रेव्हंडिमोनास डिमिन्यूटा (चाचणीसाठी वापरतात तो अगदी लहान जिवाणू) अडवल्याचं फिल्टरसोबत आलेलं प्रमाणपत्र तुमच्या इमल्शनला लागू होईलच असं नाही. ती चाचणी स्वतःच्या मालावर, स्वतःच्या दाबावर करावी लागते. इथं शॉर्टकट मारणाऱ्याशी मी वाद घालत नाही, सही करत नाही एवढंच.

बाकीच्या, थोडक्यात

सगळं एका बीकरमध्ये ओतून ढवळू नका. स्पॅन ८५ तेलात, पॉलिसॉर्बेट बफरमध्ये, मग रोटर-स्टेटरनं (वेगानं फिरणाऱ्या पात्यांच्या मिक्सरनं) कच्चं इमल्शन, मग मायक्रोफ्लुइडायझर.

पास वाढवत राहिलं की थेंब बारीक होतच राहतात, हा भ्रम आहे. एका टप्प्यानंतर फक्त उष्णता वाढते. कूलिंग कॉइल चालू आहे का ते बघा.

स्क्वालीनमध्ये सहा दुहेरी बंध आहेत, म्हणून ते हवेत लवकर खराब होतं. अर्धी बाटली हवेत उघडी ठेवून महिनाभर वापरणाऱ्यांनी पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल किती खवट झालंय याचा आकडा) एकदा काढून बघावी. नायट्रोजन सोडायला अर्धं मिनिट लागतं.

गाळल्यावर फक्त आकार मोजून थांबू नका, स्क्वालीनचं प्रमाणही आधी आणि नंतर काढा. तेल फिल्टरवर राहिलं असेल तर खाली आलेला माल सुंदरच दिसतो.

"दोन दिवस झाले, स्टेबल आहे." नाही. नॅनोइमल्शन कधीतरी फुटणारच असतं, प्रश्न फक्त किती वेळानं हा आहे. स्क्वालीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे लहान थेंबांचं तेल मोठ्यांत सरकण्याचा वेग नगण्य असतो. तरी आकार वाढत असेल तर थेंब एकमेकांत मिसळताहेत, म्हणजे पृष्ठभाग पुरेसा झाकलेला नाही. सर्फॅक्टंट बघा. २ ते ८, २५ आणि ४० अंशांवर नमुने ठेवा आणि वाट बघा. सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा तास फिरवून वर्षाचा अंदाज बांधणारे मला भेटले आहेत. त्यांना देवच वाचवो.

आणि बाटल्या फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवू नका. तिथं गोठतात. बर्फ होताना थेंब एकमेकांवर दाबले जातात आणि वितळल्यावर वर तेलाचा तवंग येतो. हलवलं की पुन्हा दूध दिसतं, तिथंच लोक फसतात. अशी बाटली माझ्याकडे आली तर मी ती मोजायलाही घेत नाही, सरळ टाकून देते.