मक्यावर अमिनो आम्ल व जीवनसत्त्वांची फवारणी कशी करावी

बागायती संकरित मक्याला कर्नाटकात हेक्टरी १५० किलो, म्हणजे एकरी सुमारे ६० किलो नत्राची शिफारस आहे. अमिनो आम्लाचे (प्रथिने ज्यापासून बनतात त्या नत्रयुक्त घटकाचे) द्रावण लिटरला २ मिली या प्रमाणात २०० लिटर पाण्यातून फवारले, तर एकरी ४०० मिली खर्ची पडते. ते सगळेच्या सगळे शुद्ध अमिनो आम्ल मानले तरी त्यातून जेमतेम ६५ ग्रॅम नत्र मिळते, जे दीडशे ग्रॅमहून कमी युरियाएवढे भरते. म्हणून या फवारणीच्या भरवशावर युरियाचा हप्ता चुकवू नये.

मग तिचा उपयोग कशासाठी? मुळांनी घेतलेल्या नायट्रेटपासून, म्हणजे जमिनीतल्या नत्राच्या एका रूपापासून, अमिनो आम्ल बनवताना पिकाची बरीच ऊर्जा खर्च होते आणि पावसाने ओढ दिली की हे काम मंदावते. अशा वेळी पानांतून तयार अमिनो आम्ल मिळाल्यास पिकाला हातभार लागतो. जीवनसत्त्व क, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, उन्हाच्या व पाण्याच्या ताणात पानांत साठणाऱ्या घातक हायड्रोजन पेरॉक्साइडचा निचरा करण्यास मदत करते. त्यामुळे पाणी व खत वेळेवर मिळालेल्या हिरव्यागार पिकात फरक क्वचितच डोळ्यांत भरतो, तर बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या कोरडवाहू काळ्या रानात तो दिसण्याची शक्यता अधिक असते.

पहिली फवारणी पीक सहा ते आठ पानांवर असताना, साधारण २५ ते ३० दिवसांनी, आणि दुसरी तुरा बाहेर पडण्याआधी करावी. जीवनसत्त्व क १०० पीपीएम (लिटरला १०० मिलिग्रॅम) तीव्रतेने द्यायचे असल्यास १६ लिटरच्या पंपाला १.६ ग्रॅम लागते. ते अल्कधर्मी पाण्यात लवकर निकामी होते. खारवट बोअरऐवजी साठवलेले पावसाचे पाणी मिळाल्यास उत्तम. द्रावण ऐनवेळी कालवून लगेच संपवावे. ताम्रयुक्त बुरशीनाशक यात कदापि मिसळू नये, कारण अमिनो आम्लामुळे तांबे पानात जास्त शिरते आणि पाने करपतात. फवारणी दुपार कलल्यावर, पाच-सहा तास पावसाची शक्यता नसताना करावी.

बाटलीवरचा मजकूर बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असतो. तो वाचता येत नसेल, तर दुकानदाराने तोंडी सांगितलेल्या प्रमाणावर न विसंबता जाणत्याकडून वाचून घ्यावा. अशी उत्पादने २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली येतात, तेव्हा पक्की पावती मागावी. शंका असल्यास कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात किंवा बैलहोंगल तालुक्यातील मत्तिकोप्प येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारावे.

पानांचा गडद रंग पाहून मात्र निष्कर्ष काढू नये. रानाच्या मधोमध चार ओळी फवारणीविना सोडाव्यात, त्यांना बाकी खत-पाणी तेच द्यावे, आणि काढणीच्या वेळी त्या ओळींतील व शेजारच्या फवारलेल्या चार ओळींतील कणसे वेगळी वाळवून दाण्यांचे वजन करावे.