दूध पुरतंय का, ते लंगोट बघून ठरव

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात मी आशा सेविका म्हणून काम करते. दवाखान्यात बाळंतपण झालं की 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी आम्ही घरी जाऊन बाळ-बाळंतीण बघतो. बऱ्याच घरांत पडवीतच ऐकू येतं, "हिचं दूध बाळाला पुरत नाही." आत ती पोर मान खाली घालून बसलेली असते. बायो, हे तुझ्यासाठी लिहितेय. घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखव.

जन्मल्यावर पहिल्या तासातच बाळाला छातीशी घे. सिझर झालं असेल तर नर्सताईंना सांग, त्या धरून लावतील. सुरुवातीला येतो तो घट्ट, पिवळा चीक. तो पिळून टाकू देऊ नको. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचा-दीड चमचाच मावतं, तेवढ्याला तो पुरतो. मध, साखरपाणी, गुटी यांतलं काहीच चाटवायचं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून जिवावरची विषबाधा होऊ शकते. छाती भरून दूध यायला दोन-चार दिवस लागतात, तोवर लावत राहायचं.

आता पकड. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, कारण 'दूध नाही' म्हणणाऱ्या पुष्कळ घरांत खोट पकडीत असते. भिंतीला पाठ टेकून बस, मांडीवर उशी घे. बाळाला छातीकडे उचल, तू त्याच्यावर वाकू नको. त्याचं पोट तुझ्या पोटाला लागलेलं हवं. कान, खांदा, कंबर एका रेषेत. बोंड त्याच्या वरच्या ओठाला लाव आणि थांब. जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं की पटकन जवळ ओढ. नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि गिळल्याचा आवाज येतोय, म्हणजे जमलं. दुखत राहिलं तर सोसू नको. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी घालून बाळाला सोडव आणि पुन्हा लाव. टाके दुखत असतील तर कुशीवर झोपून पाज.

दिवस-रात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजायचं, रात्रीचंही चुकवायचं नाही. बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं. म्हणून 'आज डब्याचं देऊ, उद्या अंगावरचं' असं सुरू केलं की खरोखरच आटायला लागतं. बाळ रडतं ते दर वेळी भुकेनेच असं नाही. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत सहा किंवा जास्त लंगोट शूने भिजत असतील आणि दोन आठवड्यांत बाळ जन्माच्या वजनावर परत आलं असेल, तर दूध पुरतंय. मग कोणी काहीही म्हणो.

वैशाखात घामाच्या धारा लागल्या की आजी म्हणते, पोराचा घसा सुकला, दोन चमचे पाणी द्या. आजीची माया खरी, पण सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी लागत नाही. आईच्या दुधात जवळजवळ 88 टक्के पाणीच असतं. उकाड्यात बाळाला जास्त वेळा घे, आणि पाणी तू पी. बाळंतिणीला पाणी मोजून देतात ती रीत मला अजिबात मान्य नाही. पेज, नाचणीची आंबील, कुळथाचं पिठलं, शेवग्याचा पाला, अळिवाची खीर, सगळं पोटभर खा. आपल्याकडे दुधासाठी मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं, कालवण देतात, पण मोठ्या मोरीत पारा साठलेला असतो. त्यापेक्षा बांगडा, तारली खा.

हर्णै बंदरात मासळीच्या लिलावाला परत जाणाऱ्या बायका विचारतात, आता कसं? निघण्याआधी हात साबणाने धू आणि उकळलेल्या वाटीत हाताने दूध काढ. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या कडेला ठेवायची, छातीकडे दाबायचं, मग हलकेच पिळायचं. आपल्या हवेत झाकून ठेवलेलं दूध चार तासांच्या आत संपवायचं. गॅसवर तापवायचं नाही, वाटी कोमट पाण्यात ठेवायची. बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजायचं, बाटली नको. परत आलीस की आधी बाळाला घे, टोपली नंतर.

घरच्यांनो, तिला झोपू द्या. दुपटी धुणं, बाळाला ढेकर काढणं हे नवऱ्यालाही येतं. ताण आणि दुखणं असलं की पान्हा सुटायला वेळ लागतो. टोमण्यांनी तो ताण वाढतोच.

बाळ पाजायला उठतच नसेल, शू कमी झाली असेल, तळपाय पिवळे दिसत असतील किंवा अंग गार लागत असेल, तर माझ्या फेरीची वाट बघू नका, 108ला फोन करून दवाखाना गाठा. तुझ्या छातीत लाल, दुखरी गाठ येऊन ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. पण पाजणं बंद करू नको. त्या बाजूचं दूधही बाळाला चालतं, आणि ते तुंबून राहिलं तर गाठ वाढते.