मेकॅनिकलच्या पदवीनंतर एरोस्पेसकडे : एम.टेक. आणि पीएच.डी.ची तयारी कशी करावी

महाराष्ट्रात मेकॅनिकलची शाखा जवळजवळ प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात असते, एरोस्पेसची मात्र मोजक्याच ठिकाणी. त्यामुळे विमानांची आणि रॉकेटांची ओढ असलेले अनेक विद्यार्थी आधी मेकॅनिकलची पदवी घेतात आणि वळण घ्यायचे ते पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी घेऊ, असे ठरवतात. हे वळण नक्की घेता येते. पवईच्या आयआयटीचा एरोस्पेस विभाग, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ सालापासून चालत आलेला विभाग, तसेच कानपूर, मद्रास आणि खरगपूर येथील विभाग मेकॅनिकलच्या पदवीधरांनाही प्रवेश देतात. मात्र त्यासाठीची तयारी किमान वर्षभर आधी सुरू करावी लागते, आणि तिची सुरुवात गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकांपासून न करता विषयाच्या निवडीपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

पवईत एम.टेक.साठी वायुगतिकी (एरोडायनॅमिक्स), गतिकी व नियंत्रण, प्रणोदन (प्रोपल्शन, म्हणजे इंजिनांचा अभ्यास) आणि संरचना (स्ट्रक्चर्स) अशी चार स्पेशलायझेशन आहेत. आपल्याला पदवीच्या काळात कोणता विषय खरोखर आवडला, हे प्रामाणिकपणे आठवले तर यांपैकी कोणते आपले, हे बहुधा कळते. द्रवयांत्रिकी आवडली असेल तर वायुगतिकी, थर्मोडायनॅमिक्स व टर्बोमशीन आवडली असतील तर प्रणोदन, कंपने आणि कंट्रोल सिस्टीम आवडल्या असतील तर गतिकी व नियंत्रण, अशी ही सांगड आहे. वाफेच्या टर्बाइनच्या प्रकरणात आपण जो अभिसारी-अपसारी, म्हणजे आधी अरुंद आणि मग रुंद होत जाणारा नॉझल शिकतो, तोच रॉकेटच्या शेपटाशी असतो. विषय परका नसतो, फक्त त्याचा वापर बदललेला असतो.

संरचनेचे उदाहरण थोडे जवळून पाहू. विमानाचा पंख म्हणजे मुळाशी पक्का धरलेला कॅन्टिलिव्हर. त्यावर उचल (लिफ्ट) खालून वर लागते, तर पंखाचे स्वतःचे वजन, त्यातील इंधन आणि त्याखाली टांगलेले इंजिन हे सारे खाली ओढते. म्हणजे इंधन धडाऐवजी पंखात असले की मुळाशी येणारा नमन-आघूर्ण (बेंडिंग मोमेंट, म्हणजे पंख वाकवू पाहणारा परिणाम) कमी होतो, आणि म्हणूनच अनेक प्रवासी विमानांत धडातील मधल्या टाकीचे इंधन आधी वापरले जाते व पंखांतील इंधन मागे ठेवले जाते. दुसऱ्या वर्षाला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये काढलेली कर्तनबल (शिअर फोर्स) आणि नमन-आघूर्णाची आकृती जो विद्यार्थी या पंखासाठी कागदावर काढू शकतो आणि इंधन संपत जाताना ती कशी बदलेल हे बोलून दाखवू शकतो, त्याला प्रवेशाच्या मुलाखतीची धास्ती वाटण्याचे कारण नाही.

आता गेट. ही परीक्षा साधारणपणे फेब्रुवारीत होते आणि तिचे अर्ज आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास भरले जातात. पेपर तीन तासांचा, ६५ प्रश्नांचा आणि १०० गुणांचा असतो; त्यात १५ गुण सर्वसाधारण अभियोग्यतेचे असतात. बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास एक गुणाच्या प्रश्नाला एक-तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन-तृतीयांश गुण वजा होतात, परंतु संख्या भरायच्या प्रश्नांना आणि एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकणाऱ्या प्रश्नांना ऋण गुण नसतात. मिळालेला स्कोअर तीन वर्षे ग्राह्य राहतो. मेकॅनिकलचा पेपर द्यावा की एरोस्पेसचा, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. बरेच विभाग स्पेशलायझेशननुसार मेकॅनिकलचा पेपरही स्वीकारतात. तरीही आपण ज्या विभागांत अर्ज करणार, त्यांची त्या वर्षीची माहितीपत्रके वाचूनच निर्णय घ्यावा. एरोस्पेसचा पेपर निवडल्यास गणित, थर्मोडायनॅमिक्स, कंपने आणि पदार्थबल (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स) यांची तयारी उपयोगी पडतेच. उड्डाणयांत्रिकी, अवकाशगतिकी, पंखांचा वायुगतिकीय सिद्धांत आणि पातळ भिंतींच्या छेदांतील कर्तनप्रवाह (शिअर फ्लो) हे भाग मात्र नव्याने शिकावे लागतात. त्यांना चार महिने द्यावेत. विमान स्थिर राहण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य न्यूट्रल पॉइंटच्या (गुरुत्वमध्य जिथे आल्यास विमानाची स्थिरता संपते त्या बिंदूच्या) पुढे का असावा लागतो, हे सूत्र न पाहता सांगता आले म्हणजे उड्डाणयांत्रिकीचा पाया बसला असे समजावे.

निकालानंतर एक गफलत हमखास होते. आयआयटींच्या जागांचे प्रस्ताव कोॲप या सामाईक पोर्टलवर दिसतात, म्हणून तिथे नोंदणी केली की अर्ज झाला, असे काही जण समजतात. तसे नाही. प्रत्येक संस्थेकडे वेगळा अर्ज करावाच लागतो आणि त्याची मुदत बहुधा मार्च-एप्रिलमध्ये संपते. फेऱ्या सुरू झाल्यावर प्रस्ताव स्वीकारून थांबणे, तो हाती ठेवून पुढच्या फेरीची वाट पाहणे किंवा तो नाकारून वाट पाहणे, असे तीन मार्ग असतात. नाकारलेली जागा परत मिळेल या भरवशावर राहू नये, आणि उत्तराची मुदत तर अजिबात चुकवू नये.

पवईत शिकवणी साहाय्यक (टीचिंग असिस्टंट) म्हणून एम.टेक. दोन वर्षांत पूर्ण होते आणि पात्र विद्यार्थ्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. संशोधन साहाय्यकाला तीन वर्षे लागतात. अनेकांना जादा वर्ष वाया गेल्यासारखे वाटते. ज्याला प्रयोगशाळेत काम करायचे आहे, त्याच्यासाठी मला ते वर्ष मोलाचे वाटते, कारण वाऱ्याच्या बोगद्यातील (विंड टनेलमधील) उपकरणांवर हात बसायला आणि मोजमापातील चुका ओळखता यायला वेळ लागतो.

पीएच.डी.चा विचार असेल तर मार्गदर्शकाला पाठवायचे पत्र काळजीपूर्वक लिहावे. दहा प्राध्यापकांना एकच मजकूर पाठवण्याऐवजी दोघांचे अलीकडचे शोधनिबंध नीट वाचावेत आणि पत्रात एकच मुद्दा मांडावा: कोणती आकृती समजली नाही, कोणते गृहीतक खटकले, आपल्या पदवीच्या प्रकल्पाशी त्या कामाचा संबंध कुठे लागतो. पत्र दीडशे शब्दांपलीकडे जाऊ देऊ नये आणि गुणपत्रिका सोबत जोडावी. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच नम्र आठवण करावी. प्रवेशाचा निर्णय शेवटी विभागाच्या लेखी परीक्षेत आणि मुलाखतीत होतो, त्यामुळे उत्तराची वाट पाहत अर्ज लांबणीवर टाकू नये. मुलाखतीत दोन-तीन विषय तुम्हालाच निवडायला सांगितले जाण्याची शक्यता असते. त्या वेळी भारदस्त नावाचा विषय न सांगता ज्याची मूलभूत समीकरणे फळ्यावर शून्यापासून मांडता येतात तोच विषय सांगावा, आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर तसे स्पष्ट सांगून आपण कुठून सुरुवात करू, ते मोठ्याने बोलत फळ्यावर मांडायला लागावे.