लंगडी घालताना पोरगं सारखं पडतंय? घरी बॅलन्सची प्रॅक्टिस अशी घ्या

पाच वर्षं उलटली तरी पोरगं जिन्यात कठडा सोडत नाही, बटणं लावता येत नाहीत, लंगडीत दुसऱ्याच उडीला पाय टेकतंय आणि ह्यामुळं शाळेतलं, घरातलं रोजचं अडतंय, तर त्याला धांदरट म्हणू नका, डीसीडी म्हणजे डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर (हातापायांच्या हालचालींचा मेळ बसायला जड जाणं) असू शकतो. शंभरात पाच-सहा मुलांना असतो, बुद्धीचा संबंध नाही. आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, मग ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमायला मदत करणारे तज्ज्ञ. आधी जमणारी गोष्ट आता जमेना झाली किंवा एकाच बाजूचा हातपाय लुळा वाटतोय, तर थांबूच नका, लगेच दाखवा.

तोल तिघांवर चालतो, डोळे, आतला कान आणि पायातनं-सांध्यातनं येणारी जाणीव. ह्या पोरांच्या मेंदूला हालचालीचा आधी अंदाज बांधायला जड जातं. म्हणून नुसता भरपूर व्यायाम देण्यापेक्षा पोराला जे यायला पाहिजे तेच तुकडे करून शिकवा, माझं तरी हेच ठाम मत आहे.

लंगडीच घ्या. अनवाणी उभं करा, एक बोट भिंतीला, नजर समोरच्या लाईटच्या बटणावर. एक पाय फुटबॉलवर ठेवायचा, सगळा भार दुसऱ्यावर. हे जमलं की बॉल काढा, मग बोट काढा. मग जागेवर एकच उडी, गुडघा थोडा वाकवून उतरायचं आणि तिथंच पुतळा. पुतळा न हलता जमला की मगच दुसरी उडी, इथं घाई केली की सगळं बिघडतं. पडलं तर तुम्ही चूक सांगू नका, त्यालाच विचारा, "बाळा, तोल कुठं गेला? आता काय बदलूया?" त्यानं स्वतः शोधलेलं डोक्यात राहतं.

घरात जमलं की आमराईत गवतावर न्या, जमीन बदलली की परत थोडं अडखळणार, ते चालायचंच. कृष्णेच्या घाटावर मात्र नको, पायऱ्या निसरड्या असतात.

सायकलचं पण तसंच, पेडल काढा, सीट दोन्ही पाय पूर्ण टेकतील इतकी खाली घ्या आणि नुसतं पायानं ढकलत जाऊ दे.

रोज दहा-पंधरा मिनिटं बास, दमलं की बंद. गॅदरिंगला लेझीम असेल तर सरांना भेटून पावलं आधीच मागून घ्या, आधी नुसते पाय बसवा, लेझीम हातात नंतर द्या.