आठवणींची नोंद आणि शुश्रूषा करणाऱ्याची उसंत

घरातील वृद्धांच्या आठवणी नोंदवून ठेवायच्या असे ठरले की ते काम बहुधा त्याच व्यक्तीच्या गळ्यात पडते, जी त्यांचे औषधपाणी, आंघोळ आणि रात्रीची जागरणे आधीपासून सांभाळत असते. ही व्यवस्था मुळातच चुकीची आहे. नोंदीचे काम सुट्टीला येणाऱ्या मुलांनी, नातवंडांनी किंवा भाच्यांनी अंगावर घ्यावे, आणि ते चालू असताना घरातील सुनेला अथवा लेकीला दोन तास बाहेर पडता येईल, असेच आखावे. त्यासाठी आलेल्या माणसाने गोळ्यांच्या वेळा, पाणी पाजण्याची पद्धत आणि शौचालयात नेताना आधार कुठे द्यायचा, हे आधी शिकून घेतले पाहिजे. नाही तर दहाव्या मिनिटाला तिला फोन जातो आणि सगळेच मुसळ केरात जाते.

बैठक सकाळची ठेवावी, कारण स्मृतिभ्रंश असलेल्या अनेकांची अस्वस्थता दिवस कलल्यावर वाढते. वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. पंखा बंद करावा, मोबाईल विमान-मोडवर ठेवून हातभर अंतरावर घडी घातलेल्या नॅपकिनवर ठेवावा, आणि सुरुवातीला तारीख, ठिकाण व बोलणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगावे. ध्वनिमुद्रणाची परवानगी दर वेळी घ्यावी. वाटणीचे किंवा जुन्या भांडणाचे बोलणे निघाले, तर तो भाग कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये.

‘तुमच्या बालपणाबद्दल सांगा’ असा प्रश्न विचारला की ‘काय सांगायचे, गरिबीच होती’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी एखादी घटना धरावी. पुण्याच्या माणसाला १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पाणी शहरात शिरले तेव्हा तुम्ही कुठे होता, असे विचारावे. साताऱ्या-कराडकडच्या माणसाला डिसेंबर १९६७ मधल्या कोयनेच्या भूकंपाची पहाट विचारावी. मराठवाड्यातील किंवा नगर-सोलापूरकडील माणसाला १९७२ च्या दुष्काळातली खडी फोडण्याची कामे, मदत म्हणून वाटली जाणारी सुकडी आणि मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी विचाराव्यात. मुंबईच्या गिरणगावातल्याला १९८२ चा गिरणी संप. घटनेच्या आधाराने घर, शेजारी, कर्ज आणि लग्नकार्ये आपोआप येतात. ज्यांचे बोलणे तुटक झाले आहे, अशा कित्येक आज्या ओवीची पहिली ओळ कानावर पडताच पुढची म्हणतात, म्हणून गाणेही मुद्रित करावे. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी: ‘ओळखा बघू मी कोण?’ अशी परीक्षा घेऊ नये. आपले नाव आणि नाते आपणच सांगून बोलायला सुरुवात करावी, आणि सन चुकला तर तिथेच दुरुस्त करू नये. पडताळणी नंतर कागदपत्रांवरून होते. तेही जपून, कारण त्या पिढीतील असंख्य लोकांची दाखल्यावरची जन्मतारीख १ जून ही शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली असते. तिथी, सण किंवा ‘थोरल्याच्या लग्नाच्या वर्षी’ अशी खूण अधिक विश्वासार्ह ठरते.

स्त्रियांची नावे लिहिताना माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे, माहेरच्या आडनावासकट लिहावीत. लग्नात नाव बदलण्याच्या रीतीमुळे जुन्या पत्रातली आणि वंशावळीतली बाई एकच आहे, हे पुढच्या पिढीला कळत नाही. शिवाय कित्येक जुन्या वंशावळींत मुलींना जागाच नाही. ती आता द्यावी.

छायाचित्रांच्या मागे बॉलपेनने लिहू नये. दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिल वापरावी. चिकट पानांच्या अल्बमातून फोटो ओढून काढू नये, आधी जागेवरच त्याचा फोटो घ्यावा. स्कॅन ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) करावे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत, अन्यथा त्यांचा दर्जा घटतो. एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे असावी.

या नोंदींचा सर्वांत व्यवहारी उपयोग मात्र शुश्रूषेतच आहे, आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गोळा झालेल्या माहितीतून एक पातळ वही करावी: कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, चहा बशीतून लागतो की कपातून, देवपूजा झाल्याशिवाय न जेवण्याची सवय आहे का, कोणत्या अभंगाने चित्त शांत होते, कोणाचा विषय काढला की रडू येते. आया पुरवणाऱ्या ब्युरोकडून नवी आया आली की तिला हीच वही द्यावी. मग ‘आजी हट्टी आहेत, जेवतच नाहीत’ ही तक्रार पुष्कळदा पूजेपाशी सुटते, आणि घरच्या बाईला प्रत्येक आयेला पहिल्यापासून समजावत बसावे लागत नाही.

दूरच्या भावंडांनी केवळ पैसे पाठवून थांबू नये. वर्षातला ठराविक पंधरवडा आपल्याकडे घ्यावा आणि त्याची तारीख आधीच कळवावी. ज्येष्ठांसंबंधी माहिती व मार्गदर्शनासाठी १४५६७ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे. शुश्रूषा करणाऱ्याची स्वतःची झोप उडाली असेल, चिडचिड किंवा निराशा वाढली असेल, तर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर तिने स्वतःसाठी फोन करावा, तिथे मराठीत बोलता येते.