शिल्लक भ्रूणांचा फॉर्म: गुरुजींना, फादरना, मौलानांना नेमकं काय विचारायचं

दादरच्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात मी अठरा वर्षं समुपदेशक आहे. आयव्हीएफमध्ये बीजांड आणि शुक्राणू शरीराबाहेर जुळवून भ्रूण (एम्ब्रियो) बनवतात; वापरून उरलेले गोठवून ठेवतात. मूल होतं, बारशाचे पेढे आमच्यापर्यंत पोचतात आणि तीन-चार वर्षांनी त्याच जोडप्याला आमचा फोन जातो: "तुमचे चार एम्ब्रियो अजून इथेच आहेत, काय करायचं?" फॉर्मवर तीन चौकटी असतात. ठेवा, नष्ट होऊ द्या, संशोधनाला द्या. बहुतेक जण पहिलीवर खूण करून वर्षाचे पैसे भरतात आणि विषय पुढे ढकलतात. मात्र २०२१च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने साठवणीला १० वर्षांची मर्यादा घातली आहे. त्यानंतर उरलेल्या दोन चौकटींपैकी एक निवडावीच लागते.

तिसऱ्या चौकटीपाशी पेन थांबतं. "घरी विचारतो, गुरुजींनाही विचारतो." जरूर विचारा, पण प्रश्न तयार करून जा. "गर्भ संशोधनाला दिला तर चालेल का?" एवढंच विचारलंत तर समोरच्याला गर्भपात ऐकू येतो. स्टेम सेल (संशोधनासाठी भ्रूणातून काढतात त्या, कुठल्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) म्हणालात तर क्लोनिंग. मग उत्तर मिळतं ते तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं.

जाण्याआधी एका कागदावर लिहून घ्या. वय: साधारण पाच दिवस, शंभर-दोनशे पेशी, टाचणीच्या डोक्याहून लहान. जागा: उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन, आईच्या पोटात कधीच गेलेला नाही. हेतू: बनवला तो मुलासाठी, प्रयोगासाठी नाही. आणि जी गोष्ट सांगायला जीभ अडखळते ती सगळ्यात आधी लिहा: स्टेम पेशी काढल्या की तो भ्रूण उरत नाही. हे गाळून मिळवलेला होकार कच्चा असतो. महिन्याभराने तोच रात्री झोपू देत नाही.

क्लोनिंगचं खातं वेगळं ठेवा. तिथे बीजांडातलं केंद्रक काढून दुसऱ्या पेशीचं केंद्रक घालतात. १९९६ साली स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी अशी जन्मली, २७७ प्रयत्नांतून एक. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसाचं असं मूल जन्माला घालायला बंदी आहे आणि अखंड मानवी भ्रूण प्रयोगशाळेत १४ दिवसांपुढे वाढवता येत नाही. तुमचा फॉर्म क्लोनिंगचा नाही, हे घरच्यांनाही सांगा. लालबागच्या एका सासूबाईंनी मला विचारलं होतं, "म्हणजे आमच्या नातवासारखाच दुसरा कुठेतरी फिरणार का?" नाही हो, आजी.

आता विचारायचं कोणाला. हिंदूंकडे शेवटचा शब्द देणारं एक पीठ नाही. गुरुजी बदलले की उत्तर बदलतं. कौरवांची गोष्ट तर कोणीतरी सांगणारच: गांधारीच्या मांसगोळ्याचे १०१ भाग, तुपाचे कुंड, म्हणजे आपल्याकडे हे सगळं आधीच होतं. मान डोलवा आणि पुढे चला. त्या कथेत शिल्लक भ्रूणाचं काय करायचं ते नाही. त्यापेक्षा चरकसंहितेतलं शारीरस्थान विचारा. शुक्र (वीर्य), शोणित (रज) आणि जीव यांचा संयोग 'कुक्षिगत' झाला की त्याला गर्भ म्हणावं, असं तिथे म्हटलं आहे. कुक्षिगत, म्हणजे कुशीत गेलेला. नळकांड्यातला गर्भ म्हणावा का? मी हा प्रश्न दोन गुरुजींपुढे ठेवला. एक म्हणाले, संज्ञाच लागू होत नाही. दुसरे म्हणाले, जीव आलेला असू शकतो, जागेने काय होतं? मला दुसऱ्यांचं म्हणणं जास्त प्रामाणिक वाटलं, अवघड असलं तरी.

कॅथलिक जोडप्यांनो, तुमचं उत्तर सगळ्यात स्पष्ट आणि सगळ्यात जड. गर्भधारणेच्या क्षणापासून भ्रूणाचा मान माणसासारखाच राखायचा, म्हणून संशोधनाला नाही. मुळात आयव्हीएफलाच चर्चची संमती नाही. २००८च्या 'दिग्निटास पर्सोनाए' या दस्तऐवजात गोठवलेल्या भ्रूणांची स्थिती हा न सुटणारा अन्याय आहे, असं व्हॅटिकननेच मान्य केलं आहे. फादरनी मार्ग दिला नाही तर ते टाळताहेत असं समजू नका. मात्र प्रौढ व्यक्तीच्या किंवा नाळेतल्या रक्ताच्या स्टेम पेशींना चर्चची हरकत नाही, हेही विचारून घ्या.

मौलानांकडे दिवस मोजून जा. रूह, म्हणजे आत्मा, १२० दिवसांनी फुंकली जाते असं बरेच उलेमा मानतात, काही ४० म्हणतात. मक्केच्या फिक्ह (इस्लामी धर्मशास्त्र) परिषदेने २००३ साली आयव्हीएफमधून उरलेले भ्रूण आईवडिलांच्या संमतीने संशोधनाला देण्यास मुभा दिली. तरी कोकणी मुसलमान बहुतेक शाफई या धर्मशास्त्रीय पंथाचे, तेव्हा आपल्या पंथाप्रमाणे विचारा. बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडच्या ज्यू, घरांत काम सोपं असतं: तालमूद हा त्यांचा धर्मग्रंथ ४० दिवसांपर्यंतच्या गर्भाला नुसतं पाणी म्हणतो. बौद्ध घरात 'आत्मा कधी येतो' हे विचारूच नका, बाबासाहेबांच्या धम्मात आत्माच नाही. भन्तेंशी हेतू आणि दुःख यांवर बोला. जैनांनी महाराजसाहेबांना चातुर्मासात गाठावं, एरवी ते विहारात, म्हणजे पायी प्रवासात, असतात. एका जैन गृहस्थांनी मला विचारलं, या पेशी कशावर वाढवतात? १९९८ साली अमेरिकेत पहिल्यांदा वाढवल्या त्या उंदराच्या पेशींच्या थरावर. त्यांनी फॉर्म मिटून खिशात ठेवला.

दोघांनी मिळून जा. सही दोघांची लागते, आणि एकाने ऐकलेलं उत्तर घरी पोचेपर्यंत बदलतं. केंद्राला विचारा: भ्रूण कोणत्या नोंदणीकृत संस्थेकडे जाणार, आणि संमती कधीपर्यंत मागे घेता येईल?

एक चूक माझीही. सुरुवातीच्या वर्षांत मी एका बाईला समजुतीने म्हणाले, "अहो, नुसत्या पेशी आहेत त्या." तिने भिंतीवरच्या आमच्या बाळांच्या फोटोंकडे बोट केलं. "आणि हे?" तेव्हापासून मी 'नुसत्या' हा शब्द वापरत नाही.

लालबागच्या त्या घराने शेवटी दुसरी चौकट निवडली. नष्ट कधी करणार, तारीख कळवा म्हणाले. मी मंगळवार सांगितला. अर्ध्या तासात सासूबाईंचा फोन: "बाई, मंगळवारी अंगारकी आहे. बुधवार केलात तर?" बुधवार केला.