चार जणांचा ग्रुप आणि एक ब्लॅक बुक

कॉलेजात प्रोजेक्टसाठी रोल नंबरवाइज ग्रुप पडले की वर्गात आधी एक मोठा उसासा ऐकू येतो, मग कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बनवतं, डीपीला मीम लागतं आणि पुढचे तीन आठवडे सामसूम. माझं इंजिनिअरिंग नवी मुंबईत झालं, घर ठाण्यात, चार वर्षांत असे बरेच ग्रुप झाले आणि त्यातले धड चालले ते दोनच. जिगरी दोस्तांचा ग्रुप तर सगळ्यात वाईट गेला, कारण तिथे "तुझं झालं का रे" असं विचारायलाच सगळे लाजत होते. ग्रुप प्रोजेक्ट कसं पार पाडायचं हे ज्युनियर्स विचारत असतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

ग्रुपमध्ये सगळ्यात डेंजर वाक्य म्हणजे "आपण करून टाकू". आपण म्हणजे नक्की कोण? फ्रान्समध्ये रिंगेलमान नावाचे एक शेती-इंजिनिअर होते, त्यांनी माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला होता, 1913 मध्ये ते छापून आलं. जितकी माणसं वाढली तितका प्रत्येकाचा जोर कमी, आठ जण मिळून ओढायला लागले तर प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना असतो त्याच्या साधारण निम्म्यावर! थोडा जोर ताळमेळ नसल्यामुळे वाया जातो आणि थोडा "बाकीचे ओढतायत की" म्हणून लागतच नाही. पुढे 1979 मध्ये अमेरिकेत टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हेच पाहिलं गेलं, आणि नंतर असंही दिसलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार हे आधीच कळलं की ढिलाई जवळपास जाते. उपाय त्यातच आहे. कोणाचं काम कोणतं ते सगळ्यांना दिसलं पाहिजे.

म्हणून पहिल्या मीटिंगमध्ये टॉपिकवर तासभर भांडू नका, एक शीट उघडा आणि तीन रकाने करा, काम, नाव, तारीख. नावाच्या रकान्यात "सगळे" आलं की खोडा. कामाचे तुकडे पण छोटे करा, "लिटरेचर सर्व्हे" हे काम नाही तो डोंगर आहे, "सहा पेपर वाचून प्रत्येकी अर्धं पान, बुधवार रात्रीपर्यंत" हे काम. आणि ज्याचं नाव आहे त्याने स्वतःच्या तोंडाने "हो, मी करतो" म्हटलं पाहिजे, व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा धरू नका, लोक चालत्या ट्रेनमध्ये न वाचता अंगठा देतात, मी पण दिलेत. तारखा मागून लावत या, सबमिशनच्या चार दिवस आधी सगळं हातात, कारण प्रिंटर बंद पडतो, लाइट जाते आणि प्रोजेक्टच्या गाइडला ऐन वेळी डायग्राम आवडत नाही.

सर लोकांना टीमवर्क म्हटलं की दहीहंडी आठवते, ठाण्यात तर आठवणारच. पण पथकांचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू असतो हो, आपण व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आदल्या रात्री थर लावायला घेतो.

काम वाटताना एक गोष्ट मला अजून खुपते. कोडिंग मुलांकडे, आणि पीपीटी, जर्नल, टायपिंग मुलींकडे, का तर "तुझं नीटनेटकं असतं". दोनदा मी गप्प बसले आणि व्हायवात कोडवर प्रश्न आला तेव्हा माझंच थोबाड उतरलं. कंटाळवाणी कामं आळीपाळीने फिरवा, तेही शीटमध्ये लिहून.

भेटायची जागा हा वेगळाच ताप. एक जण कासारवडवलीचा, एक ऐरोलीची, एक खारघरचा आणि मी नौपाड्यात, सगळ्यांना सोयीची जागा जगात नाही. अभ्यासिकेत बोलता येत नाही, तलावपाळीवर गप्पा छान होतात पण चार्जिंग कुठून आणणार, कॅफेत दर तासाला काहीतरी मागवावं लागतं. आणि "रविवारी भेटू" म्हटलं की घोडबंदरचं ट्रॅफिक आहेच. शेवटी शेवटच्या लेक्चरनंतर कॉलेजमध्येच 40 मिनिटं, आठवड्यातून दोनदा, एवढंच टिकलं. घरी गेलेला माणूस परत बाहेर पडत नाही.

आता ग्रुपमधला गायब मेंबर. आमच्याकडे पण एक होता, मेसेज वाचायचा, उत्तर नाही, रात्री साडेदहाच्या कॉलला कधीच नाही. आम्ही काय केलं, त्याला वगळून दुसरा ग्रुप काढला आणि तिथे त्याच्या नावाने खडे फोडले, ज्याचा उपयोग शून्य. मग एके दिवशी कँटीनमध्ये मी सरळ विचारलं, "अरे, तुझं काय अडतंय?" तर कळलं की तो पहाटे वडिलांबरोबर वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, गाळ्यावर जातो आणि रात्री नऊला झोपतो. कॉल दुपारी ठेवला, टेस्टिंग त्याच्याकडे दिलं, नीट केलं त्याने. एकदा परत लेट झालाच, पण आदल्या दिवशी सांगून. तेव्हा आधी एकट्याला गाठून विचारा, ग्रुपवर सगळ्यांसमोर झापू नका. तरी दोन तारखा चुकल्या तर गाइडकडे जा, शीट दाखवा, आणि हे सेमच्या मध्यावर करा, शेवटच्या आठवड्यात गेलात तर सर म्हणणार "आता सांगताय?"

व्हायवाचं वेगळं सांगते कारण तिथेच ग्रुप उघडे पडतात. काम वाटून घेतलं की प्रत्येकाला फक्त स्वतःचा तुकडा येतो आणि एक्झामिनर नेमकं दुसऱ्याचं विचारतो. 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी जिगसॉ नावाची पद्धत काढली होती, धड्याचा एकेक भाग एकेका मुलाला, आणि बाकीच्यांना तो भाग त्याच्याकडूनच शिकायला मिळणार, म्हणजे ऐकून घेण्याशिवाय इलाज नाही. आम्ही हे ट्रान्सहार्बरच्या लोकलमध्ये करायचो, आमच्यातले तिघे ठाण्याच्या दिशेचे, वाशी ते ठाणे अर्धा तास मिळतो, आज एकाने आपला भाग समजावायचा, उद्या दुसऱ्याने तोच भाग परत सांगायचा, अडखळला की पहिल्याने दुरुस्त करायचं. खारघरवाल्याला दुसऱ्या दिवशी कॉलेजात पकडायचो. ज्याला समजावता येत नाही त्याला स्वतःलाच नीट कळलेलं नसतं हे तिथे लगेच दिसतं, माझ्या डेटाबेसच्या भागाचं कोपरखैरणे यायच्या आत पितळ उघडं पडलं होतं.

"सगळं मीच केलं" हे प्रत्येकाला वाटणारच, त्यावर भांडण काढू नका. रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये नवरा-बायकोंना घरकामातला आपापला वाटा विचारला तर बेरीज 100 टक्क्यांच्या वर गेली. आपलं काम आपल्याला आठवतं, दुसऱ्याचं दिसतच नाही. टक्केवारी काढण्यापेक्षा गूगल डॉक्सची हिस्टरी उघडून बघा.

शेवटची फाइल एकाच माणसाकडे ठेवा, नाहीतर "फायनल", "फायनल 2" आणि "खरंच फायनल" अशा तीन फाइली फिरतात. आणि ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा रिपोर्ट, बाइंडिंगला टाकायच्या आधी पहिलं पान चौघांनी वाचा, आपापलं नाव आणि रोल नंबर ज्याचं त्याने. आमच्या बुकवर माझं आडनाव चुकलंय, आणि ते पान मीच टाइप केलं होतं.